गणपतीमागची भिंत

पोलिसांना पंच लागला की त्यांना पहिली आठवण होते ती शाळेतल्या मास्तरांची. मास्तर पळून जात नाहीत, तारखेला कोर्टात हजर राहतात आणि सही वाचता येईल अशी करतात. त्यात या वेळी जप्तीचा माल होता चित्रांचा, आणि मी रत्नागिरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते, म्हणजे आयतीच सापडले. मे महिन्याची सुट्टी, लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलेलं, आणि दारात हवालदार. "बाई, तासाभराचं काम आहे." तुमचा तास मला माहीत आहे म्हटलं, तरी गेले. चित्रं म्हटल्यावर हिचे पाय घरात राहत नाहीत, असं माझा नवरा म्हणतो आणि ते खरं आहे.

जीपमध्ये साहेबांनी प्रकरण सांगितलं. साहेब घाटावरचे, वर्षभरापूर्वी बदलून आलेले, आमच्या उकाड्याला अजून रोज शिव्या घालणारे. मुंबईच्या एका दलालानं मालगुंडच्या बाजूच्या एका रिसॉर्टवाल्याला चित्रं विकली होती. कधीच वारलेल्या एका मोठ्या चित्रकाराची ही चित्रं, जुन्या घराच्या माळ्यावर सापडली, असं सांगून. चित्रांवर त्या चित्रकाराची सहीसुद्धा होती. रिसॉर्टवाल्याच्या डोक्यात कुणीतरी शंका घातली, त्यानं तक्रार केली, आणि तपासात दलालाचा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला भाड्याचा गाळा निघाला. आता दलाल छाती काढून सांगत होता, चित्रं अस्सल आहेत, खोटी म्हणत असाल तर सिद्ध करा.

"आता आम्ही काय सिद्ध करायचं ओ मॅडम," साहेब म्हणाले. "चोर ओळखायला सांगा, ओळखतो. चित्र कसं ओळखायचं?"

शटर वर गेलं. बाहेर कातळावर ऊन नुसतं पेटलेलं, आणि आत पत्र्याच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या बारीक पट्ट्या. थोडा वेळ काहीच दिसेना. मग भिंतीला टेकवलेली चित्रं एकेक करून अंधारातून वर यायला लागली, विहिरीत वाकून बघताना तळ हळूहळू दिसायला लागतो तशी. आठदहा असतील. आणि काय सांगू, मी आमच्या अंगणात उभी होते.

अंगण म्हणजे माझ्या माहेरचं. रत्नागिरीहून एसटीनं दीडदोन तास आत गेलं की आमची वाडी लागते. अंगणाभोवती जांभ्या दगडांचा गडगा, गडग्याला लागून काजू, कोपऱ्यात पेंढ्याची उडवी, विहिरीकडे उतरणारी पाखाडी, सगळं तिथं होतं. पाखाडीची मधली पायरी तुटकी आहे, ती चित्रातही तुटकीच होती. रंग तीनचारच. चुन्यासारखा पांढरा, गेरू, नीळ, थोडी पिवडी. त्या पत्र्याच्या भट्टीत मला शेणानं सारवलेल्या जमिनीचा ओला वास आला, शपथेवर सांगते. कडेनं माणसं, गुरं, झाडं यांची ही गर्दी, आणि प्रत्येक चित्राच्या मधोमध मात्र जागा कोरी. वर निमुळती, खाली पसरट, पांढरी.

"हे मधलं काढायचं राहिलंय का?" साहेबांनी विचारलं.

राहिलेलं काहीच नव्हतं. तिथं गणपती बसतो.

आमच्याकडे चतुर्थीच्या आधी गणपतीच्या मागची भिंत रंगवतात. गेल्या वर्षीचं चित्र चुन्यानं पुसायचं, चुना वाळला की नवं काढायचं. कुणी मोर काढतं, कुणी वेलबुट्टी, कुणी दोन बाजूंना दोन सिंह. मधली जागा सोडायची, कारण मूर्ती तिथं येणार. विसर्जन झालं की ती जागा उघडी पडते आणि वर्षभर तशीच दिसत राहते. लहानपणी मला वाटायचं, देव गेला तरी त्याचं बसणं मागे उरलंय. आणि या भिंतीवर कधी कुणी आपलं नाव घालत नाही. पुढच्या वर्षी पुसायचंच आहे, नाव कशाला घालायचं?

आमच्या घरची भिंत दादा काढायचा. दादा म्हणजे माझा थोरला आणि एकुलता भाऊ. मुंबईत एका कंपनीत होता, चतुर्थीच्या चार दिवस आधी यायचा, आणि खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी भिंतीवरून हात फिरवायचा. डावा हात. तो डावखुरा. मोर-सिंह त्याला येत नव्हते असं नाही, पण तो आमची वाडीच काढायचा. आरतीला आलेली माणसं देव बघायचा सोडून स्वतःला शोधत बसायची. "अरे, हा मी! ही माझी पाडी!" एका वर्षी शेजारची काकी रुसून बसली, मला येवढी जाडी काढलान म्हणून. मी त्याच्या हाताखाली नीळ कालवायचे. पुढे मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, नोकरीला लागले, ती सगळी त्या नीळ कालवण्याची पुण्याई.

मग दादानं कंपनी सोडली. नुसती चित्रं काढणार म्हणाला. बाबांचं डोकं फिरलं. भिंती रंगवून कुणाचं पोट भरलंय, असं फोनवर ओरडले, आणि वाडीत चार लोकांना तोंड कसं दाखवू म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. तरी चतुर्थीला दादा नेहमीसारखा आला, पिशवीत रंग घेऊन. ओटीवर चढला आणि बघतो तर भिंतीवर फ्लेक्स. बाबांनी छापून आणलेला. बर्फाचे डोंगर, धबधबा, हंस, आणि कोपऱ्यात छापणाऱ्याचा मोबाईल नंबर. दादानं पिशवी उंबऱ्याशी ठेवली, आईनं पुढे केलेला तांब्या तिच्या हातातच राहिला, आणि तो पाखाडी उतरून गेला.

त्याला दहाबारा वर्षं झाली. फोन बंद, मुंबईतली खोली सोडलेली, ठावठिकाणा नाही. या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं बाबांनी बजावलं आणि आम्ही दोघी बायका ते मुकाट पाळत राहिलो. बाबा वारल्यावरसुद्धा कुणाच्या तोंडून नाव निघालं नाही, जीभच तशी वळली होती. आईनं एक केलं. तो फ्लेक्स बाबा दर वर्षी लावत, तो तिनं काढला आणि पावसात लाकडांवर घालायला घेतला. भिंतीला नुसता चुना. मी म्हटलं, आये, मी चित्रकलेची बाई, मी काढते की. "तुझी भित तुझ्या सासरी," एवढंच म्हणाली.

हे सगळं त्या गाळ्यात माझ्या डोळ्यांसमोरून जात होतं आणि घाम पाठीवरून ओघळत होता. हात दादाचाच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. सावलीच्या रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे कललेल्या, डावखुऱ्याच्याच हातून पडतात तशा. पण ही चित्रं कधीची? घर सोडलं त्या सुमारास काढलेली, आणि आता मागे राहिलेली म्हणून कुणीतरी विकलेली? तो कुठेतरी एकटाच मरून गेला असेल आणि कुणी खोली साफ करताना ही बाहेर काढली असतील?

मग शेवटचं चित्र. त्यात फणस नव्हता. आमच्या अंगणातला फणस दादा गेल्यानंतर, वादळात पडला. त्याचा बुंधा राहिलाय, आई दुपारची त्यावर बसते. चित्रात तो बुंधा होता, त्यावर एक म्हातारी बसली होती, केस पांढरे, आणि डावा हात जाडजूड पांढरा, गळ्यात अडकवलेला. याच वर्षी शिमग्याच्या आधी आई पाखाडीवर घसरली आणि मनगट मोडलं. पाडव्यानंतर प्लॅस्टर काढलं.

म्हणजे दादानं तिला पाहिलं होतं. याच वर्षी. कुठूनतरी उभं राहून, डोळे भरून. दादा जिवंत होता! मी तिथंच भोकाड पसरलं असतं, पण शेजारी हवालदार टेप लावून कॅनव्हासची लांबीरुंदी मोजत होता.

आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट लक्षात आली. कधीच वारलेला चित्रकार माझ्या आईचं या वर्षीचं प्लॅस्टर काढणार कसा? मी तोंड उघडलं की दलालाचा खेळ खलास. पण पुढचा प्रश्न ठरलेला, मग काढलं कुणी? खाली कोपऱ्यात सही दुसऱ्याची. पोलीस म्हणणार, तुमच्या भावानंच खोटी सही ठोकली. गप्प राहिले तर दलाल सुटतो, चित्रं कुठल्या कुठे जातात, आणि दादाचा एवढा एक धागा हातात आलाय तोही जातो.

"काय मॅडम, काही कळतंय का?"

"बघावं लागेल," मी म्हटलं. हवालदारानं पंचनाम्यात 'एक वृद्ध स्त्री बसलेली' असं लिहिलं होतं. मी त्याखाली सही केली आणि घरी आले. लोणच्याचा मसाला त्या दिवशी करपला आणि त्याबद्दल मी नवऱ्यालाच बोलले.

दुसऱ्या दिवशी एसटी धरली. दुपारची गाडी, निम्मी रिकामी. खिडकीबाहेर कातळ आणि त्यावर थरथरणारं ऊन. मी धड जागी नव्हते, धड झोपलेलीही नव्हते. रस्त्याच्या दोन्ही कडांना घरं, आंब्याच्या बागा, पेट्या भरणारी माणसं येत होती, जात होती, आणि समोरचा रस्ता उन्हात पांढराशुभ्र, रिकामा दिसत होता. मला वाटायला लागलं, आपली गाडी दादाच्या चित्रातूनच चाललीय आणि त्या मोकळ्या जागेशी जाऊन थांबणार. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा आमचा थांबा आला होता.

आई बुंध्यावर बसून आमसुलं उलटीपालटी करत होती. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. गाळा, चित्रं, प्लॅस्टर. वाटलं, आता ही रडेल, देवाला हात जोडेल. तिनं पुढचं आमसूल उलटलं.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "शिमग्यात आलावता तो."

"कोण?"

"कोन म्हंजे? तुझा दादा."

शिमग्यात देवाची पालखी अंगणात येते, सोबत ढोल, नाचणारे खेळे आणि संकासूर. संकासूर म्हणजे सोंग. काळे कपडे, डोक्यावर उंच टोपी, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरं. त्याचं काम पोरांच्या अंगावर धावून जायचं. या वर्षी मी तापानं घरी पडले होते, गेले नव्हते. आईनं सांगितलं, पोरं ओरडत मागीलदारी पळाली आणि संकासूर त्यांच्या मागे जायचा सोडून तिच्या पायाशी येऊन बसला. बोलला नाही. प्लॅस्टरवरून नुसता हात फिरवत राहिला.

"डावा," आई म्हणाली. "भितीवरनं फिरवायचा ना, तसाच."

"मग हाक का नाही मारलीस?"

"सोंगाला काय नावान हाक मारतंत?" ती म्हणाली. "आनि मारली आसती नि तो उठून गेला आसता तर? गडग्याच्या आत आला, माज्या पायाशी बसला. तेवढा पुरे, आसा वाटला मना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "इतके दिवस तू मला सांगितलं नाहीस!"

"तू वरडशील म्हनून."

मी ओरडतच होते. मग आम्ही दोघी एकदम हसलो आणि हसता हसता मला रडू फुटलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, आमसुलाचा डाग माझ्या गालाला लागला.

मग मी तिला खरी अडचण सांगितली. पोलिसांना बोलले तर दलाल अडकेल, पण दादाच्या मागेही पोलीस लागतील. खोटी सही त्यानंच केली म्हणतील. न बोलावं तर तो होता तसाच हरवलेला. तूच सांग काय करू.

"सही कुनाच्या नावाची हाय?"

"त्या दुसऱ्याच्या."

"मग ती त्यान नाय केलान. भितीवर कवा तरी नाव घातलान काय त्यान?"

चित्रकलेची बाई मी, दोन दिवस त्या सहीवर डोकं आपटत होते आणि एवढं मला सुचलं नव्हतं. दादानं कॅनव्हाससुद्धा भिंतीसारखेच काढले आणि भिंतीसारखेच बिननावाचे सोडून दिले. त्याची चूक असलीच तर ती ही. जागा मोकळी दिसली आणि दलालानं हवं ते नाव तिथं बसवलं. मग मला आठवलं, चित्रं जुनी दिसावीत म्हणून त्यांवर चहाच्या पाण्यासारखा पिवळट हात फिरवलेला होता. दादाच्या रेघा त्या पिवळेपणाच्या खाली होत्या. सही वर होती.

"पण पोलिसांना हे पटेल की नाही, देव जाणे," मी म्हटलं.

आईनं हात झटकले आणि ती उठली. "पटूंदे नायतर नाय. शिमग्यात हाक मारली नाय, ती आता मारू. मी पन येतंय."

ठेवणीतलं लुगडं नेसून ती पोलीस ठाण्यात आली. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, चित्र मागवलं, आणि आईनं आपलं मनगट टेबलावर ठेवलं. हाड नीट बसलेलं नाही, हात अजून थोडा वाकडाच आहे. साहेब चित्रातल्या म्हातारीकडे बघत, मग आईकडे, मग परत चित्राकडे. पंखा फिरत होता आणि चित्रातला माड मला हलल्यासारखा वाटत होता. चहाच्या डागावरची सही मी नखानं दाखवली.

"आणि तुमच्या भावानं स्वतःचं नाव घातलंच नाही? असं कोण करतं ओ?"

मी भिंतीचं सांगितलं. साहेब घाटावरचे, त्यांना ते खरं वाटेना. लिहिता लिहिता हवालदार थांबला. तो आमच्या बाजूचाच. "साहेब, खरं आहे ते," तो म्हणाला. "आमच्या भिंतीवर पण नसतं."

"बरं. नाव सांगा चित्र काढणाऱ्याचं."

मी तोंड उघडलं आणि सवयीनं 'माझा थोरला भाऊ' एवढंच निघालं. एवढी वर्षं ते नाव घेतलंच नव्हतं. तेवढ्यात आईनं घेतलं. नाव, मग बाबांचं नाव, मग आडनाव. मोठ्यानं, अंगणातून पाखाडीच्या टोकापर्यंत ऐकू जावं असं. ठाण्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. हवालदारानं लिहून घेतलं. मी ते इथं लिहीत नाही, कुणाचंच लिहिलेलं नाही. पण त्या दिवशी ते ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

"सापडला की त्याची पण चौकशी होणार, आजी," साहेब म्हणाले.

"करा की," आई म्हणाली.

मग दलाल बोलता झाला. चित्रं त्यानं दाभोळला घेतली होती, बंदरावर होड्या रंगवणाऱ्या एका माणसाकडून, आणि सह्या मुंबईत करून घेतल्या होत्या. दाभोळ! आम्ही दादाला मुंबईच्या गर्दीत कल्पित होतो आणि तो इथं खाडीच्या तोंडाशी होड्यांना रंग देत होता. पोलीस गेले तेव्हा त्याच्या खोलीला कुलूप होतं. पेपरात बातमी आली, चित्रं खरी कुणाची त्याच्या नावानिशी, बाबांचं नाव मध्ये धरून. मी ती कापून देवाजवळ ठेवली. पाऊस लागला, शाळा सुरू झाली, आणि फोन वाजला की मी खडू टाकून धावत राहिले. फोन कधी त्याचा नसायचा.

श्रावण संपत आला तेव्हा मी भिंतीला चुना द्यायला माहेरी गेले होते. आई मागीलदारी चुना ढवळत होती. फोन साहेबांचा.

"मॅडम, तुमचा भाऊ आलाय. स्वतःहून. पेपरचा कागद हातात घेऊन आला. जबाब झाला, दलालानं कबूल केलंच आहे, तेव्हा याला आता साक्षीला तेवढं यावं लागेल. मी म्हटलं, जा आता घरी. तर उठेना. म्हणतोय, आधी आईला विचारा, आत येऊ का म्हणून."

मी मागीलदारी गेले आणि तिला तसंच्या तसं सांगितलं. फोन पुढे केला. तिनं घेतला नाही, हात चुन्यानं भरले होते. ती काठीनं परत ढवळायला लागली.

"चुना भिजवलाय म्हनावं," ती म्हणाली. "नि येताना रंग घेऊन ये म्हनावं. तेव्हा उंबऱ्यात ठेवलान ते मी जपून ठेवले, पन सगळे सुकले."